सत्त्याण्णव पॉइंट नऊ

क्रांती सिस्टरनं बाळाच्या कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरली, बटण दाबलं आणि आकडा वाचला. सत्त्याण्णव पॉइंट नऊ. आकडा खरोखरच तेवढा आला होता, तिनं मनानं काही लिहिलं नव्हतं. पुढं तीन दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली, आणि दर वेळी ते आधीपेक्षा जास्त घाण वाटत गेलं.

सोमवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातली कॅज्युअल्टी म्हणजे सहा खाटा, दोन सिस्टर, एक डॉक्टर आणि दारात चपला घालूनच आत घुसणारे नातेवाईक. हायवेवर मोटारसायकलवरून पडलेले दोघं नुकतेच आले होते. त्यांच्या रक्तानं फरशी लाल झाली होती, आणि एका खाटेवरचा म्हातारा दम लागून खोकत होता. तेवढ्यात लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेली एक बाई दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं छातीशी धरून आत आली. मागं तिची पोरगी, बाळंतीण, कानाला रुमाल बांधलेली.

"बाई, अंग बघा की ह्याचं. सकाळपास्नं भाजालंय. दूध बी ओढंना."

बाई गगनबावड्याकडच्या एका वाडीची. नाव पारूबाई. पोरगी मनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ चोवीस दिवसांचं.

चोवीस दिवसांच्या बाळाचा ताप कसा बघायचा हे क्रांतीला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिनं नर्सिंगला असताना ते पाठ केलं होतं. शिवाय कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लहान मुलांच्या डॉक्टर तेजस्वी मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहून तक्ता लावला होता. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर ताप मागनं घ्यायचा, म्हणजे शीच्या जागेतनं. त्यासाठी लाल टोपणाचा थर्मामीटर वेगळा ठेवायचा, टोकाला व्हॅसलीन लावायचं, टोक जेमतेम आत जाईल एवढंच. तसं जमणार नसेल तर निदान काखेत. आणि कपाळावरची बंदूक फक्त मोठ्या माणसांना. बंदूक वरवरचं बघते. घाम, वारा, पाणी, कशानंही फसते. एवढ्या लहान बाळाला ताप असला तर तो साधा ताप नसतो. त्याला ॲडमिटच करायचं असतं, तिथं अर्ध्या डिग्रीनंसुद्धा फसून चालत नाही.

तो तक्ता अजून भिंतीवरच होता. फक्त त्याच्यावर एका मेडिकल दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं. ते क्रांतीनंच लटकवलं होतं.

कारण साधं होतं. तीन आठवड्यांपूर्वी दोन महिन्यांची एक मुलगी तापानं फणफणून आली होती. क्रांतीनं नियमाप्रमाणं लंगोट सोडला, व्हॅसलीन लावलं. तर मुलीचा काका, हातात कडं, कानात बाळी, अंगावर आला. "पोरगी हाय ती. काय करालाईस तू तिला? लाज वाटत न्हाय?" ती समजावून सांगत होती तर त्यानं मोबाइल काढून शूटिंग चालू केलं. मग वाकून तिच्या छातीवरचा बिल्ला वाचला. आडनावापाशी थांबला. "हां. मग बरोबर हाय. ह्यांचे हात असल्याच ठिकाणी जायचे." आणि हसला. त्याच्याबरोबरचे दोघं हसले. खाटेवरचा एक पेशंटसुद्धा हसला, ज्याचं सलाईन तिनं दहा मिनिटांपूर्वी लावलं होतं.

क्रांतीच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली होती. बापानं गिरणीत पोती उचलून तिला शिकवलं होतं आणि नाव ठेवलं होतं ते उगीच नव्हे. पण त्या दिवशी तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. वर ऑफिसात बोलावणं आलं ते तिलाच. "लोकांच्या भावना जपा, सिस्टर. बंदूक हाय की. ती वापरा, कटकट मिटली." तिच्याकडून खुलासा लिहून घेतला. त्या कडेवाल्याला कुणी काही विचारलं नाही. विचारणार कोण, सगळेच हसणारे.

त्या दिवशी घरी जायच्या आधी तिनं कॅलेंडर आणलं आणि तक्त्यावर लटकवलं. बाकीच्या सिस्टरनी बघितलं. कुणी काढलं नाही. सगळ्यांनाच बरं पडलं.

तर पारूबाईच्या गाठोड्यातून फक्त तोंड दिसत होतं. दुपटं, शाल, कुंची, कुंचीच्या आत टोपरं, झबलं. एवढं सगळं सोडायला पाच मिनिटं तरी लागली असती. क्रांतीनं कुंची बोटभर मागं सरकवली, बटण दाबलं.

"ताप न्हाई, आजी."

"न्हाई कसा? हात लावून बघा की."

"मशीन सांगतंय न्हाई म्हणून."

"आवं, माझा हात सांगतोय हाय म्हणून."

क्रांती हसली. ते हसू तिचं तिलाच नंतर आठवत राहिलं. मोठं नव्हतं, नाकातनं सुटलेलं, त्या कडेवाल्याच्या हसण्यासारखंच. "आजी, तुमच्या हातापेक्षा हे मशीन शाणं हाय." शेजारच्या खाटेवर प्लास्टर बांधून घेणारा तो मोटारसायकलवालासुद्धा दात काढून हसला.

"आसंल शाणं," पारूबाई म्हणाली. "पर पोर माझ्या मांडीवर निजतंय. मशीनच्या न्हाय."

डॉक्टर पृथ्वीराज, त्या दिवशीचे ड्युटीचे डॉक्टर, हातातलं टाके घालायचं सामान न सोडताच ओरडले, "सिस्टर, फीवर?"

"नाही सर. सत्त्याण्णव नऊ."

कुठनं घेतला, कशानं घेतला, त्यांनी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. त्यांनी बाळाच्या पोटावर दोन बोटं ठेवली, पोट फुगल्याचे थेंब लिहून दिले आणि केसपेपरवर खरडलं, ताप नाही. पारूबाई तिथंच उभी राहिली. मग मनालीनं तिचा दंड धरला. "चल गं आई. डॉक्टर सांगाल्यात न्हवं."

बारा वाजता क्रांतीनं चहाचा कप तोंडाला लावला आणि चहाच्या आधी नाकात दुसराच वास शिरला.

वेखंड.

तिनं बोटं हुंगली. उजव्या हाताची दोन बोटं, कुंची मागं सरकवताना बाळाच्या कपाळाला घासलेली. नखाच्या कडेला पिवळट-पांढरं वाळलं होतं. बंदुकीच्या काचेच्या कडेलाही थोडं लागलं होतं. तिनं घाईत बंदूक जवळजवळ टेकवलीच होती.

हा वास तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या पोराला तिच्या आईनं सव्वा महिना रोज वेखंड उगाळून लावलं होतं, टाळूवर आणि कपाळावर, सर्दी होऊ नये म्हणून. उगाळलेलं वेखंड ओलं असतं. वरून ही माणसं पावसाळी हवेत गगनबावड्याच्या एसटीच्या खिडकीशी दोन तास बसून आलेली. ओल्या लेपावर वारा. म्हणजे बंदुकीनं मोजलं ते वेखंड. बाळ मोजलंच नव्हतं.

कपाळ पुसायला कापूस तिच्या खिशात होता. अख्खा बोळा. तिनं तो बाहेर काढून बघितला, आणि परत खिशात घातला, जसा काही तो कुणी बघेल.

केसपेपरवर फोन नंबर होता, बाळाच्या बापाचा. तिनं बारा वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याच्या फोनवरून लावला. पूर्ण रिंग वाजली. कुणी उचलला नाही. तिनं रिसिव्हर खाली ठेवला आणि तिला हायसं वाटलं. होय, हायसंच. तिनं दुसऱ्यांदा फोन लावला नाही. पृथ्वीराज सरांना सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारात चार रिक्षा उभ्या होत्या, गगनबावड्याची एसटी सुटते तो रंकाळा स्टँड काही लांब नव्हता, कुणालाही पाठवता आलं असतं. तिनं म्हाताऱ्याच्या नेब्युलायझरमध्ये औषध घातलं. मग एकाचं इंजेक्शन. मग चादर बदलली. कामात माणूस बुडतं म्हणतात, ती मुद्दाम बुडाली. मधूनच वाटे, नसेलही ताप. म्हातारीचा हातच गरम असेल. मग परत बोटाला वास येई.

अडीच वाजता पारूबाई परत आली.

ह्या वेळी चपला तिच्या हातात होत्या आणि मनालीच्या डोळ्यांत पाणी होतं. "निम्म्या वाटंवर, कळे गावातच उतरलो," पारूबाई दारातूनच म्हणाली. "कंडक्टर म्हटला, आजी, तुमचं गाव अजून लई लांब हाय. म्हटलं, आमचं गाव आलं. ह्या पोराचं डोळं बघ बाई, वर चाललंत. आता मशीन नको दावूस मला."

क्रांतीनं गाठोडं घेतलं आणि सोडलं. शाल, दुपटं, कुंची, टोपरं, झबलं, लंगोट. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पाच मिनिटं लागतील असं वाटलं होतं ते खोटं होतं. लाल टोपणाचा थर्मामीटर, व्हॅसलीन, दोन्ही पाय एका हातात. बाळ रडलंसुद्धा नाही, नुसतं कण्हलं.

एकशे दोन पॉइंट आठ.

मग धावपळ झाली. तेजस्वी मॅडम वरून पळत आल्या. सलाईनची शीर सापडेना, ती चौथ्यांदा सापडली. रक्त घेतलं, लघवी घेतली, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं. लघवीतले जंतू रक्तात उतरले असावेत, मॅडम म्हणाल्या. अजून एक रात्र गेली असती तर माझ्या हातात काही राहिलं नसतं, हेही म्हणाल्या. मग त्यांनी सकाळचा केसपेपर उचलला. "सकाळी हे बाळ येऊन गेलंय? ताप नाही म्हणून?"

क्रांतीनं तोंड उघडलं. पण पृथ्वीराज सर आधी बोलले. "कपाळाला वेखंड थापलं होतं, मॅडम. आता बघितलं मी. त्यानं रीडिंग चुकलं." आणि पारूबाईकडं वळले. "आजी, तुमच्या ह्या वेखंडापायी ताप दिसला नाही. असले उद्योग घरी करायचे आणि मग आमच्या नावानं शंख करायचा."

पारूबाई, सकाळपासून एकेका वाक्याला उत्तर देणारी बाई, हातातल्या चपलांकडं बघत राहिली.

"मीच लावलंतं," ती म्हणाली. "एसटीत बसायच्या आधी उगाळलं."

क्रांतीनं तोंड मिटलं. सोय झाली होती. दोष ठेवायला जागा मिळाली होती, आणि ती जागा लुगडं नेसून, हातात चपला धरून समोर उभी होती. तिला ना सही येत होती, ना खुलासा लिहिता येत होता.

चारच्या सुमारास बाळाचा बाप आला. अतुल, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, अंगावर काळ्या वाळूचे कण तसेच. लहान मुलांच्या वॉर्डच्या दारात त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सासूकडं बघितलं.

"मामी, पोरगी बाळंतपणाला पाठवलीती. पोर मारायला न्हवं."

पारूबाईनं मान खाली घातली. जावयाच्या पुढ्यात सासूनं काय बोलायचं? लेक माहेरी, जबाबदारी माहेरची. मनालीनंही तोंड फिरवलं. ॲडमिटच्या कागदावर सही करायला अतुल खाली कॅज्युअल्टीत आला तेव्हा त्यानं मोबाइल पुढं केला. "सिस्टर, बारा धाला दवाखान्यातनं मिसकॉल हुता. मोबाइल लॉकरात असतो आमचा. कशाला केलातासा?"

"फॉलोअपचा असतो," क्रांती म्हणाली. "सगळ्यांनाच करतो."

शब्द किती सहज आले. कडेवाल्यासमोर एक शब्द फुटला नव्हता, आणि इथं अख्खं वाक्य, तेही खोटं, सुईसारखं सरळ बाहेर आलं.

मंगळवारी ड्युटी संपल्यावर ती वर गेली. नुसतं बघून यायचं, असं स्वतःला सांगून. बाळ काचेपलीकडं होतं, मनाली शेजारी. पारूबाई आत नव्हती. ती संडासाच्या बाहेरच्या नळावर होती, कपडे धुवायच्या साबणाची वडी हाताला घासत. कोपरापर्यंत फेस. तळहात लालभडक झाले होते, एका ठिकाणी कातडं सोललं होतं.

"आजी, काय करताय?"

"वास जाईना बाई ह्याचा." तिनं हात पुढं केले. "बघा, येतोय का अजून?"

क्रांतीनं ते हात हुंगले. साबणाचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता.

"न्हाई येत."

"मला येतोय. जावई म्हटला, पोराला हात लावायचा न्हाई. बरोबर हाय त्याचं. सहा पोरं ह्या हातानं न्हाऊ घातली मी. माझी तीन, भावाची तीन. एकालाबी कायबी झालं न्हाई. आता हे." तिनं परत वडी उचलली. "तुम्ही काल सकाळी हसलासा ते बरोबरच हुतं. आडाणी हात."

क्रांती जिना उतरली. मधल्या वळणावर बसली. तिला त्या कडेवाल्याचा राग आणायचा होता. तो आला असता तर बरं झालं असतं, राग अंगावर घ्यायला सोपा असतो. आणि राग खराच होता. त्या माणसानं तिच्या हाताला घाण म्हटलं होतं, ऑफिसनं ते पोटात घातलं होतं, हे सगळं खरं होतं. पण चोवीस दिवसांच्या पोरानं तिला काय म्हटलं होतं? आणि ह्या बाईनं? एकानं तिच्या हाताचा अपमान केला, तो तिनं तीन आठवडे सांभाळून ठेवला आणि नेऊन दुसरीच्या हातावर ओतला. आज ती बाई नळावर स्वतःची कातडी सोलत बसली होती, आणि क्रांतीचे हात स्वच्छ होते.

बुधवारी सकाळी मॅडमच्या राउंडला ती वॉर्डात जाऊन उभी राहिली. अतुल होता, मनाली होती. पारूबाई दाराशी, भिंतीला टेकून. बाळाचा ताप उतरला होता, पण नेहमीएवढं दूध अजून ओढत नव्हतं.

"मॅडम, मला बोलायचंय. ह्यांच्यासमोर."

तिनं पारूबाईकडं बघायचं ठरवलं होतं, पण नजर उचलेना, म्हणून खाटेच्या लोखंडी दांडीकडं बघत बोलली.

"वेखंडाचा दोष नाही. वेखंड सगळेच लावतात, माझ्या आईनंबी लावलंय. कपाळ पुसायचं काम माझं होतं. कापूस माझ्या खिशात होता. आणि पुसूनसुद्धा उपयोग नव्हता, कारण एवढ्या लहान बाळाला ती बंदूक लावायचीच नसते. मागनं घ्यायचा असतो ताप. मला येतं ते. मी केलं नाही. मागं एकदा त्यावरनं लोकं मला बोलली होती, म्हणून बंद केलं. तक्त्यावर कॅलेंडर मीच लावलं. आणि तो फोन..." ती थांबली. "तो फॉलोअपचा नव्हता. मला बारा वाजताच कळलं होतं. एकदा लावला, उचलला नाही, मग परत लावला नाही. अडीचपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

अतुलनं खिशातून मोबाइल काढला आणि समोर धरला. "परत म्हणा. पहिल्यापास्नं."

तिनं त्या मोबाइलकडं बघितलं. तसाच काळा चौकोन. ह्या वेळी मात्र समोरचा माणूस चुकीचा नव्हता.

"नाव क्रांती. आडनाव बिल्ल्यावर हाय, नीट घ्या," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून परत सांगितलं. कापसाचासुद्धा उल्लेख गाळला नाही. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "हे लिहून दे. आजच," एवढंच म्हणाल्या. तिच्या नोकरीचं काय होणार ते सगळ्यांना कळत होतं.

अतुलनं मोबाइल खाली घेतला. तो सासूकडं बघू शकला नाही, खिडकीकडं बघत राहिला. मनाली रडायला लागली. "आई," म्हणाली, "ये की आत."

पारूबाई आत आली नाही. आधी क्रांतीपाशी आली, अगदी जवळ. क्रांतीला वाटलं, मारणार. मारलं असतं तर चाललं असतं.

"हे समदं तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"काल नळावर माझं हात हुंगलीस, तवाबी?"

"व्हय."

"मग त्या दिशी हसलीस का गं मला?"

तीन दिवसांत तिनं बाकी सगळ्याची उत्तरं जुळवली होती. हे विचारलं जाईल असं तिला वाटलंच नव्हतं. ती उभी राहिली, आणि कानापासून मानेपर्यंत तापत गेली.

पारूबाई थोडा वेळ वाट बघत थांबली, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. मग वळली, खाटेपाशी गेली, सोललेला तळहात बाळाच्या पोटावर ठेवला. कपाळावर नाही. तिथं ठेवायला ती अजून धजत नव्हती. हात तसाच राहू दिला.

"अंग आता कडक न्हाई लागत," ती म्हणाली. "पर माझ्या हाताचं कोण ऐकतंय. घे मोजून."

वॉर्डची सिस्टर पुढं आली. पारूबाईनं मान हलवली.

"हिलाच घेऊ दे. आणि मागनंच घे. मी पाय धरते."

क्रांतीनं लाल टोपण काढलं. व्हॅसलीन लावलं. पारूबाईनं लंगोट सोडला, दोन्ही इवले पाय एका मुठीत धरून वर केले, सहा पोरं वाढवलेल्या माणसासारखे. बाळ तोंड वाकडं करून चांगलं मोठ्यानं रडलं. दोघींचे हात एकमेकींना लागत होते, एक सोललेला, एक व्हॅसलीननं बुळबुळीत. थर्मामीटर वाजायला वेळ लागतो. तेवढा वेळ क्रांती खाली मान घालून त्या हातांकडंच बघत राहिली, आणि पारूबाई तिच्याकडं.